अरुणा शानबाग यांना परिचारिका म्हणून आठवताना

दरवर्षी 12 मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, जागतिक परिचारिका दिन साजरा होतो. रुग्णालयांत मेणबत्त्या लावून शपथ घेतली जाते, परिचारिकांना गुलाबाची फुले दिली जातात आणि सेवा, त्याग, ममता या शब्दांनी भरलेले संदेश दिवसभर फिरत राहतात. त्यानंतर सहाच दिवसांनी येणारा 18 मे मात्र बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. 2015 साली याच दिवशी मुंबईच्या परळ भागातल्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा रामचंद्र शानबाग यांचे न्यूमोनियाने निधन झाले. तेव्हा त्यांचे वय 66 वर्षांचे होते आणि त्यांपैकी जवळपास 42 वर्षे त्या त्याच रुग्णालयात रुग्ण म्हणून अंथरुणाला खिळून होत्या.

अरुणा शानबाग हे नाव आपल्याकडे दोनच संदर्भांत घेतले जाते. एक म्हणजे 1973 साली त्यांच्यावर झालेला अमानुष हल्ला आणि दुसरा म्हणजे दयामरणाविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा 2011 सालचा निकाल. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत आणि त्या विसरता कामा नयेत. पण या दोहोंमध्ये जी व्यक्ती होती ती परिचारिका होती, आणि तिला इतकी वर्षे जगवणाऱ्याही परिचारिकाच होत्या, ही बाब आपण ‘किती माया लावली हो त्यांनी’ असे म्हणून बाजूला ठेवतो. परळच्या त्या खोलीत मायेइतकेच, किंबहुना मायेच्याही आधी, परिचर्येचे कसलेले ज्ञान राबत होते, असे माझे ठाम मत आहे. ते ज्ञान आपण ओळखत नाही, आणि म्हणूनच परिचारिकांना काय दिले पाहिजे हेही आपल्याला उमगत नाही.

अरुणा यांचा जन्म 1 जून 1948 रोजी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, होन्नावरजवळच्या हळदीपूर या गावी झाला. त्या किनारपट्टीवरून मुंबईला येऊन शिक्षण घेणाऱ्या आणि नोकरीला लागणाऱ्या माणसांची परंपरा जुनी आहे. अरुणाही तशाच आल्या, परिचर्येचे शिक्षण घेतले आणि के.ई.एम.मध्ये रुजू झाल्या. 1926 साली सुरू झालेले, सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले हे महापालिकेचे रुग्णालय म्हणजे गिरणगावाचा आधार होता. गिरणीत हात सापडलेला कामगार, चाळीतल्या जिन्यावरून पडलेले पोर, कोकणातून एस.टी.ने आणलेला अत्यवस्थ म्हातारा, सगळ्यांची धाव तिथेच. अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या तरुण परिचारिकेला पहिल्या वर्षातच इतके पाहावे लागते की लहान रुग्णालयातल्या परिचारिकेला ते दहा वर्षांतही पाहायला मिळत नाही.

नोव्हेंबर 1973 मध्ये अरुणा यांची नेमणूक शस्त्रक्रियांचे प्रयोग जिथे कुत्र्यांवर केले जात त्या प्रयोगशाळेत होती. तिथल्या कुत्र्यांच्या खाण्याची होणारी चोरी आणि कामातली हयगय त्यांना खपत नसे आणि त्याबद्दल त्यांनी तिथल्या सफाई कर्मचाऱ्याला बजावले होते, असे त्यांच्या आयुष्याचा शोध घेणाऱ्यांनी नोंदवले आहे. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. त्यांच्याविषयी लिहिताना ‘सुंदर’, ‘हसतमुख’, ‘डॉक्टरांशी लग्न ठरलेली’ अशी विशेषणे सतत येतात. त्यांचे लग्न त्याच रुग्णालयातल्या एका डॉक्टरांशी ठरलेले होते, हे खरेच आहे. पण मुक्या प्राण्यांच्या वाट्याचे अन्न त्यांना मिळालेच पाहिजे म्हणून अडून बसणारी पंचविशीतली परिचारिका मला त्या विशेषणांपेक्षा जास्त स्पष्ट दिसते. परिचर्येच्या व्यवसायाचा पाया हाच असतो की जो स्वतः तक्रार करू शकत नाही त्याच्या वतीने तक्रार करायची, आणि अरुणा ते करत होत्या.

27 नोव्हेंबर 1973 रोजी संध्याकाळी ड्यूटी संपवून त्या तळघरात कपडे बदलायला गेल्या असताना त्याच कर्मचाऱ्याने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला आणि त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तिथे बेशुद्धावस्थेत सापडल्या. गळा आवळल्यामुळे मेंदूला होणारा प्राणवायूचा पुरवठा तुटला होता, मेंदूच्या खोडाला आणि मानेतल्या मज्जारज्जूला इजा झाली होती, दृष्टी गेली होती. त्यांची बदनामी होऊ नये या विचाराने रुग्णालयाने लैंगिक अत्याचाराची बाब पोलिसांपुढे आणलीच नाही, हे पुढे समोर आले. परिणामी गुन्हेगाराला शिक्षा झाली ती फक्त खुनाचा प्रयत्न आणि चोरी यांबद्दल. सात वर्षे भोगून तो मोकळा झाला. बाईची अब्रू सांभाळण्याच्या नावाखाली तिच्यावरचा गुन्हा कागदावरून पुसून टाकण्याची ही रीत आजही पुरती गेली आहे, असे म्हणवत नाही.

त्या घटनेनंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या. अरुणाची नीट देखभाल व्हावी आणि आम्हाला सुरक्षित वातावरणात काम करता यावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. आपल्या सहकारी बाईवर झालेल्या अत्याचाराविरुद्ध काम करणाऱ्या स्त्रियांनी संघटितपणे रस्त्यावर येण्याची ही घटना 1973 सालची आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल विशाखा प्रकरणातला निकाल त्यानंतर 24 वर्षांनी, 1997 साली आला आणि त्यावर आधारलेला कायदा 2013 साली झाला. स्त्रियांच्या चळवळीचा आपल्याकडचा इतिहास सांगताना या संपाला जितकी जागा मिळायला हवी तितकी मिळत नाही, अशी माझी तक्रार आहे.

आता त्या खोलीकडे येते. वॉर्ड क्रमांक 4 ला लागून असलेल्या एका लहान खोलीत अरुणा यांना ठेवले होते. त्यांना दिसत नव्हते, बोलता येत नव्हते, स्वतः कूस बदलता येत नव्हती. अशा रुग्णाच्या बाबतीत सगळ्यांत आधी येणारा शत्रू म्हणजे शय्याव्रण, ज्याला वॉर्डात सगळे बेडसोअर म्हणतात. माझी मावशी मुंबईतल्याच एका दुसऱ्या रुग्णालयात आयुष्यभर परिचारिका होती आणि तिच्याकडून हे शास्त्र मी लहानपणापासून ऐकत आले आहे. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू, जिथे जिथे हाडावर मांस कमी तिथे तिथे शरीराच्याच वजनाने त्वचेचा रक्तपुरवठा दाबला जातो. काही तास तसेच गेले की त्वचा लाल होते. बोटाने दाबून सोडल्यावर ती लाली मावळली नाही, तर समजायचे की व्रणाची सुरुवात झाली आहे. तिथेही दुर्लक्ष झाले की कातडी फाटते, मांस सडते, जखम हाडापर्यंत जाते आणि तिच्यातून झालेला जंतुसंसर्ग माणसाला संपवतो. घरी अंथरुणाला खिळलेल्या कित्येक म्हाताऱ्यांच्या बाबतीत हे काही आठवड्यांतच घडते, आणि तेही माया करणारी माणसे चहूबाजूंनी असताना.

यावरचा उपाय ऐकायला सोपा आहे. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची. पण तो पार पाडायचा म्हणजे काय, हे मावशी सांगायची. रुग्णाला ओढायचे नाही, उचलायचे, कारण ओढताना चादरीशी घासून त्वचा सोलवटते. त्यासाठी दोघीजणी लागतात. चादरीवर एकही सुरकुती राहू द्यायची नाही. लघवी-शौचाने ओलावा राहिला तर कातडी भिजून फुटते, म्हणून लगेच स्वच्छ करून कोरडे करायचे, मॅकिन्टॉश म्हणजे खाली अंथरलेली रबरी चादर घामाने चिकटत नाही ना ते पाहायचे. टाचा गादीवर टेकणार नाहीत अशी उशी द्यायची. पूर्वी हाडाच्या जागी स्पिरिट आणि पावडर लावून चोळायची पद्धत होती. पुढे लक्षात आले की लाल झालेल्या जागी चोळल्याने आतल्या ऊतींना उलट इजाच होते, मग ती पद्धत सोडून दिली गेली. हे सांगण्याचे कारण असे की या कामात ज्ञान बदलत जाते, वाढत जाते, आणि ते शिकावे लागते.

दर दोन तासांनी, म्हणजे दिवसाला 12 वेळा. हा हिशेब वर्षाला 4,380 वेळांवर जातो आणि जवळपास 42 वर्षांच्या काळात तो 1 लाख 80 हजारांच्या पुढे जातो. सर्वोच्च न्यायालयाने 2011 सालच्या निकालात नोंदवून ठेवले आहे की तोवरच्या एवढ्या वर्षांत अरुणा यांना एकही शय्याव्रण झाला नाही. मला वाटते, भारतातल्या परिचर्येच्या इतिहासात याहून मोठे वाक्य शोधून सापडणार नाही. या काळात परळच्या आजूबाजूला काय काय होऊन गेले ते आठवून पाहा. 1982 चा गिरणी संप झाला आणि गिरणगाव हळूहळू विझले, 1992-93 च्या दंगली आणि पाठोपाठचे बॉम्बस्फोट झाले, 26 जुलै 2005 चा पाऊस आला, 2006 साली लोकलगाड्यांत स्फोट झाले, 26 नोव्हेंबर 2008 चा हल्ला झाला. अशा प्रत्येक वेळी शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत जखमींची रीघ लागते, सुट्या रद्द होतात, परिचारिका पाळ्यांमागून पाळ्या करतात. तशा रात्रीही वॉर्ड क्रमांक 4 मधल्या त्या न बोलणाऱ्या, दृष्टी गेलेल्या रुग्णाची कूस कुणीतरी बदलत होते.

जेवणाचेही तसेच. गिळण्याची क्रिया बिघडलेल्या माणसाला भरवणे हे अतिशय जोखमीचे काम आहे; घास श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया होतो. रुग्णाचे डोके उचलून धरायचे, अन्न मऊसर करून लहान चमच्याने द्यायचे, एक घास गिळल्याची खात्री होईपर्यंत दुसरा पुढे करायचा नाही. 2010 साली त्यांना मलेरिया झाला आणि त्यानंतर नाकातून घातलेल्या रायल्स ट्यूबने अन्न द्यायला लागले. तोवरची सुमारे 37 वर्षे अरुणा तोंडाने जेवत होत्या. मासे दिले की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान उमटते, खोलीत फार माणसे जमली की त्या अस्वस्थ होऊन ओरडतात, भक्तिगीते लावली की शांत होतात, असे त्यांची देखभाल करणाऱ्या परिचारिका सांगत. हळदीपूरच्या किनाऱ्यावर वाढलेल्या बाईला मासा आवडावा यात नवल नाही. नवल आहे ते कुणीतरी हे पाहिले, लक्षात ठेवले आणि पुढच्या पाळीला सांगितले याचे. त्यांची मासिक पाळी वयानुसार थांबेपर्यंत तीही स्वच्छता परिचारिकांनीच सांभाळली. या गोष्टीचा उल्लेख कुणी करत नाही, म्हणून मी मुद्दाम करते आहे.

या देखभालीलाही मर्यादा होत्या. 2011 साली न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांनी तपासणी केली तेव्हा त्यांचे हातपाय आखडून आत वळलेले आढळले. शरीर अगदी कृश झाले होते. उत्तम परिचर्या मेंदूची हानी भरून काढू शकत नाही, आणि त्या बिछान्यात सगळे आलबेल होते असे चित्र रंगवणे हा अरुणा यांच्यावर अन्यायच होईल.

1980 च्या दशकात महापालिकेने त्यांना के.ई.एम.मधून हलवण्याचा प्रयत्न केला. सात वर्षे एकाच रुग्णाने खाट अडवून ठेवली आहे, असा त्यामागचा हिशेब होता. परिचारिकांनी त्याविरुद्ध आंदोलन केले आणि प्रशासनाला माघार घ्यावी लागली. ज्या परिचारिकांनी आदल्या रात्री जमिनीवर गाद्या टाकून रुग्ण झोपवलेले असतील, ज्यांना एकेका खाटेची किंमत कुणाही अधिकाऱ्यापेक्षा चांगली ठाऊक होती, त्याच या एका खाटेसाठी उभ्या राहिल्या. ज्या संस्थेत काम करताना अरुणा यांची ही अवस्था झाली त्याच संस्थेने त्यांना शेवटपर्यंत सांभाळावे, ही मागणी मला दयेची वाटत नाही. ती न्यायाची मागणी होती.

पुढे पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणा यांच्या वतीने दयामरणाची याचिका केली. 7 मार्च 2011 रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यानसुधा मिश्रा यांनी ती फेटाळली, मात्र त्याच निकालात विशिष्ट परिस्थितीत आणि उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवनरक्षक उपचार थांबवता येतील, असे म्हटले. त्या वाटेने पुढे 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला आणि उपचारांविषयीचे इच्छापत्र आधी करून ठेवण्याची सोय झाली. विराणी यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. अरुणा यांची कहाणी जगासमोर आणण्यात त्यांचा वाटा मोठा आहे आणि आज कित्येक कुटुंबांना मिळालेला आधार त्यांच्या याचिकेतून उगवला आहे. तरीही अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांना रोज अंघोळ घालणाऱ्या, भरवणाऱ्या के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांचा आहे, हे न्यायालयाने मान्य केले ते मला योग्य वाटते. निकालानंतर तिथल्या परिचारिकांनी अरुणाचा पुनर्जन्म झाला म्हणत मिठाई वाटली आणि केक कापला. तेव्हा काहींनी त्यावर टीका केली होती. मला त्यात विसंगती दिसत नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींकडे एक जीव सुपूर्द केला, त्यांना आपल्या कामाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाहिले याचा आनंद होणारच.

त्या निकालातल्या एका विचाराशी मात्र मी नम्रपणे असहमत आहे. न्यायालयाने म्हटले की साऱ्या देशाने समर्पण आणि त्याग के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांकडून शिकावा, आणि 38 वर्षांत एकही शय्याव्रण न होणे हे त्यांच्या अरुणा यांच्याशी जडलेल्या भावनिक नात्याचे लक्षण मानले. नाते जडले होते, यात वाद नाही. पण भावनेने शय्याव्रण टळत नाहीत. ते टळतात प्रशिक्षणाने, पाळीच्या शेवटी दिलेल्या काटेकोर हँडओव्हरने, नव्या मुलीच्या हातावर लक्ष ठेवणाऱ्या सिस्टर-इन्चार्जच्या शिस्तीने आणि वॉर्डात पुरेशी माणसे असण्याने. समर्पणाला सलाम करून आपण मोकळे झालो की पुरेशी माणसे नेमण्याची जबाबदारी कुणाचीच उरत नाही. परिचारिकेला ‘देवी’ म्हणायला एक पैसाही लागत नाही. एका पाळीत दोघींऐवजी चौघी नेमायच्या तर पैसे लागतात.

माझ्या मावशीच्या रुग्णालयात कित्येक वर्षे परिचारिकांसाठी कडी लागणारी कपडे बदलायची खोली नव्हती. एकीने आत जायचे आणि दुसरीने दाराशी उभे राहायचे, अशी त्यांची पद्धत होती, आणि तिला त्या ‘अरुणाची पाळी’ म्हणत. ती पद्धत त्यांना कोणत्याही परिपत्रकाने शिकवलेली नव्हती. आज परिस्थिती बदलली आहे असे सांगितले जाते, आणि काही ठिकाणी ती खरोखर बदललीही आहे. महाराष्ट्रात वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवर होणाऱ्या हिंसाचाराविरुद्ध 2010 साली स्वतंत्र कायदा झाला. तरीही 9 ऑगस्ट 2024 रोजी कोलकात्याच्या आर.जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, आणि त्या प्रकरणाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा अरुणा शानबाग यांचे नाव घ्यावे लागले. दोन घटनांमध्ये 50 वर्षांहून अधिक काळ गेला होता. रात्रीच्या ड्यूटीवर असलेल्या बाईला विश्रांतीसाठी सुरक्षित जागा असावी, हा मुद्दा 2024 साली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या राष्ट्रीय कृती दलाकडे सोपवावा लागतो, यावरून आपण कुठे उभे आहोत ते दिसते.

आणि यात फक्त सुरक्षितताच येत नाही. कोविडच्या काळात कंत्राटी परिचारिका घाईघाईने भरल्या गेल्या, त्यांच्यावर फुले उधळली गेली, आणि साथ ओसरताच त्यांतल्या अनेकींना घरी पाठवण्यात आले. जी परिचारिका सहा महिन्यांनी कामावर असेल की नाही हेच तिला ठाऊक नाही, तिच्याकडून एखाद्या रुग्णाला मासा आवडतो हे लक्षात ठेवून पुढच्या पिढीला सांगण्याची अपेक्षा कशी करायची? वॉर्ड क्रमांक 4 मध्ये जे घडले ते शक्य झाले, कारण तिथे कायमस्वरूपी नोकरीतल्या बायका होत्या, त्या वर्षानुवर्षे एकत्र काम करत होत्या आणि त्यांची संघटना प्रशासनाला अडवण्याइतकी बळकट होती. अरुणा यांच्या खऱ्या वारशाबद्दल बोलायचे तर या तिन्ही गोष्टींबद्दल बोलावे लागेल.

18 मे 2015 रोजी भोईवाड्याच्या स्मशानभूमीत अरुणा यांना निरोप द्यायला त्यांचे नातेवाईक होते, डॉक्टर होते, आणि मोठ्या संख्येने परिचारिका होत्या, काही सेवेतल्या आणि काही निवृत्त झालेल्या. 1973 साली त्यांच्या बरोबरीने काम करणाऱ्या परिचारिका आज सत्तरीच्या पुढे असतील. कुणी ठाण्या-डोंबिवलीत मुलाकडे राहत असेल, कुणी कोकणात किंवा कारवारकडे परतली असेल. माझी एक मनापासूनची विनंती आहे. परिचर्या महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थिनींना या बायकांकडे पाठवावे आणि त्यांना ‘तुम्हाला काय वाटत होते’ हे विचारण्याआधी ‘तुम्ही काय करत होता’ हे विचारावे. अरुणा यांना उचलताना हात कुठे धरायचा, आखडलेल्या बोटांची नखे कशी कापायची, कपाळावरच्या आठीवरून वेदना कशी ओळखायची, मलेरियाच्या दिवसांत पहिल्यांदा नळी घालायची वेळ आली तेव्हा तो निर्णय कुणी आणि कसा घेतला, नव्या मुलीला या खोलीत पहिल्या दिवशी काय सांगितले जाई, हे सारे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि ते अभ्यासक्रमात शिकवावे. वाचणाऱ्यांपैकी कुणाची आई, आत्या, मावशी किंवा शेजारीण त्या वॉर्डात काम केलेली असेल, तर तिला विचारून खाली जरूर लिहा. तिची परवानगी असेल तरच नाव लिहा, नसेल तर नुसते काम लिहिले तरी पुरे आहे.